सतरा नंबरची बस

एकतीस वर्षं मी या गावाची पोरं वाहिली.
ओहायोतली थंडी, पहाटेचे साडेपाच,
काचेवरचा बर्फ खरवडायचा, मग पहिला गिअर.
कुणाचं घर कुठल्या वळणावर,
कुणाचा कुत्रा टायरमागे धावतो,
सोमवारी कोण रडतं,
सगळं हातांना पाठ. डोळ्यांना विचारावं लागत नसे.

परवा डोळ्यांनाच विचारलं.
लायसनच्या ऑफिसात खिडकीपलीकडे डॅरेल साबो,
दुसरीत असताना दर शुक्रवारी
माझ्या मागच्या सीटवर ओकायचा.
आता टक्कल, गळ्यात ओळखपत्र.
"मिसेस कोव्हालिक, खालून तिसरी ओळ वाचा."
ओळ दिसेना. त्याचा चेहरा मात्र वाचता आला.
लायसनचा कोपरा त्यानं कात्रीनं कापला,
बाळाचं नख कापावं तसा.
मग बाहेर येऊन म्हणाला, घरी कशा जाणार?
त्याच्याच गाडीतून गेले. मागे बसले, हट्टानं.
ओकले नाही.

घर चांगलं आहे, तक्रार नाही.
रॉयनं लावलेलं सफरचंद अजून फळतं.
मुलगी म्हणते, आई, इकडे ये टेक्ससला,
इथे सगळं आहे.
सगळं म्हणजे तेच :
गॅरेज, आणि गॅरेजच्या दारातून सुरू होणारं जग.

काउंटीची व्हॅन आहे म्हणे.
दोन दिवस आधी फोन करायचा, कारण सांगायचं.
दवाखाना चालतो.
केस कापायला नाही, पत्ते खेळायला नाही,
आणि रॉयच्या थडग्यासाठी
त्यांच्या फॉर्मात रकानाच नाही.

औषधांचं दुकान पावणेदोन मैलांवर.
पूर्वी ते अंतर नव्हतंच,
रेडिओवर हवामान सांगून होईपर्यंत मी पोचलेली असायची.
आता सकाळी निघते, डबा घेऊन.
आमच्या रस्त्याला फुटपाथ नाही.
घरं विकणाऱ्यांनी दिला नाही,
आणि खरं सांगायचं तर आम्हीही मागितला नाही;
चालायचं होतं कुणाला?
गवत, मग चर, मग पांढरी रेघ,
रेघेपलीकडे पन्नासच्या वेगानं माझीच पोरं.
एकानं गाडी थांबवून काच खाली केली :
"आजी, गाडी बंद पडली का?"
म्हटलं, नाही रे बाबा, गाडी ठणठणीत आहे.
खोटं नव्हतं. दर गुरुवारी गॅरेजचं दार उघडून
दहा मिनिटं चालू ठेवते ब्युइक,
बॅटरी उतरू नये म्हणून.
स्टिअरिंगवर हात ठेवून बसते.
कुठे जात नाही, पण आरसे मात्र नीट करून घेते.

मोठ्या चौकात सहा पदर.
चालणाऱ्यांचा दिवा सोळा सेकंद; मी मोजलेत.
सोळा सेकंदांत मी मधल्या पट्टीपर्यंत पोचते.
दोन हात रुंद काँक्रीट,
एक वाळकं झुडूप, एक चेपलेला कॅन आणि मी.
दोन्ही बाजूंनी गाव वाहत असतं.

माझ्या बसला डाव्या हाताशी एक खटका होता.
ओढला की बाहेर लाल पाटी उघडायची,
आणि थांबायचे सगळे : मागचे, पुढचे,
दुधाचा ट्रक, न्यायाधीश, उशीर झालेला पाद्री.
एका पोराच्या सुटलेल्या नाडीसाठी
अख्खा रस्ता उभा.
मी घाई करत नसे. म्हणायची, बांध नीट, दुहेरी गाठ मार.

काल त्या पट्टीवर उभी असताना
डावा हात आपसूक बाहेर गेला.
कुणी थांबलं नाही. का थांबावं?
फक्त एका निळ्या गाडीच्या मागच्या काचेतून
एका पोरीला वाटलं, मी तिलाच हात केला,
आणि तिनं केला परत,
दिसेनाशी होईपर्यंत.
त्या नादात माझा दिवा लागून गेला.